ब्लॉकची तुटलेली फिन परत आली ती अख्खी! टू-स्ट्रोक ट्युनिंगच्या नावाखाली कसं लुटतात

जुनी यामाहाची आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक बाइक मातीच्या ट्रॅकसाठी तयार करणाऱ्यांनी आणि इंजिन कामाला परगावी पाठवणाऱ्यांनी हे वाचाच. ट्यूनरचं (इंजिनची ताकद वाढवून देणाऱ्याचं) नाव-गाव देत नाही, तक्रार सुरू आहे. पण पद्धत सगळीकडे तीच आहे, त्यामुळे नावाने फारसा फरक पडणार नाही.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची चाल) ५० मिमी, कंपनीची ताकद ११ पीएस. आज ती चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण, आणि मूळ सुटे भाग मिळणं त्याहून कठीण. त्यामुळे तिच्या पोटातला प्रत्येक ओरिजिनल भाग म्हणजे रोकड झाली आहे. त्यासाठी गाडी चोरायची गरज नाही, इंजिन उघडायला मिळालं की पुरतं. आरसी बुकात नोंद असते ती चेसिस नंबर आणि इंजिन नंबरची. इंजिन नंबर असतो क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीवर. ब्लॉक (पिस्टन ज्यात चालतो तो सिलिंडर, बाहेरून थंड होण्याच्या पट्ट्या म्हणजे फिन असलेला), हेड, कार्ब्युरेटर, सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा), ऑइल पंप यांची नोंद कुठल्याच कागदावर नसते. हे सगळं बदललं तरी कागदोपत्री गाडी तुमचीच, जशीच्या तशी.

माझी गाडी पूर्वीच उतरवून मातीसाठी केलेली होती. खडबडीत टायर, उंच हँडल, मागचं स्प्रॉकेट मोठं. इंजिन बरं होतं, पण वळणातून उठताना दम कमी पडायचा. एका ट्यूनरचे व्हिडिओ मित्रांनी दाखवले. फोनवर माणूस गोड. 'सर, रेस पोर्टिंग करतो, पिस्टन किट शून्य पन्नास टाकतो, रॉड किट नवीन, दोन्ही ऑइल सील नवीन, जेटिंग करून देतो. पेट्रोल घाला आणि पळवा.' पोर्टिंग म्हणजे ब्लॉकमधली वायूंची भोकं घासून बदलणं, शून्य पन्नास म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिमी मोठा पिस्टन, रॉड म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, जेटिंग म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या भोकांचं माप जुळवणं. इंजिन पिकअपने पाठवलं. काम सांगितल्या तारखेला झालं नाही, ते कुठेच होत नाही, त्याचं काही वाटलं नाही. बिल अठरा हजारांच्या घरात गेलं. बिल म्हणजे वहीच्या पानाचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो.

इंजिन आलं ते चकाचक. केस पांढरीशुभ्र, ब्लॉकला काळा हीट पेंट. ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनला आपोआप ऑइल पुरवणारा, पंप गायब, त्या जागी पत्र्याची चकती. विचारलं तर म्हणाला, 'रेसवाले पंप ठेवत नाहीत सर, प्रीमिक्स घाला.' हे खोटं नाही. मातीवर पळवणारे बरेच जण पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, मीही लिटरला ३३ मिली, म्हणजे साधारण ३०:१ धरून घालायचो. पण काढलेला पंप कुणाचा? माझा. तो काही परत आला नाही. 'भंगारात टाकला' हे उत्तर. चालू अवस्थेतला पंप भंगारात टाकणारा मेकॅनिक मी तरी पाहिलेला नाही.

पहिली किक, आणि आवाज असा की गल्लीतली माणसं बाहेर. इथेच बरेच लोक खूश होऊन पूर्ण पैसे देतात. सायलेन्सरमधली आतली नळी काढली की कुठलीही टू-स्ट्रोक तशी ओरडते, ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरी युक्ती टायमिंगची. मॅग्नेटच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाच्या) प्लेटची भोकं कानशीने लांबवायची, प्लेट जराशी फिरवायची, ठिणगी लवकर पडते, पिकअप लगेच टोकदार वाटतो. ग्राहक दारातून जाईपर्यंत तो टिकतो. नंतर तापलेल्या इंजिनात टकटक सुरू होते आणि पिस्टनच्या डोक्यावर बारीक खड्डे पडायला लागतात. माझ्या प्लेटच्या दोन्ही भोकांना ताजी कानस लागलेली होती.

ट्रॅकवर नेली तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. ॲक्सिलेटर सोडला तरी रेस लगेच खाली येईना, इंजिन वरच्या वर फिरत राहायचं. आणि गरम झाल्यावर ब्लॉकमधून खडखड. फोन केला. 'नवीन आहे सर, रनिंगमध्ये बसेल.' खालच्या रेसला गाडी पूर्वीपेक्षा मेलेली, वर गेल्यावर एकदम उसळी. वळणातून उठायचं दुखणं तसंच, उलट वाढलं. मग एका लांब सरळ पट्ट्यावर फुल्ल रेसमध्ये मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं. क्लच दाबता आला म्हणून मी सरळ थांबलो.

त्याचं उत्तर तयारच होतं: 'ऑइल कमी घातलं असेल. टू-स्ट्रोकला गॅरंटी नसते सर. पाठवून द्या, फुकट करून देतो.'

टू-स्ट्रोकमध्ये फसवणूक इतकी सोपी का, ते इथे कळतं. इंजिन सीज झालं, म्हणजे पिस्टन धरून बसला, की दोष ऑइलवर ढकलता येतो, आणि पेट्रोलमध्ये ऑइल घालणारा हात तुमचाच असतो. शिवाय बहुतेकांना एक गोष्ट माहीत नसते. भीतीपोटी ऑइल वाढवलं की इंजिन सुरक्षित होतंच असं नाही. तेवढ्याच जेटमधून तेवढंच मिश्रण जातं, त्यात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं, आणि हवेच्या मानाने मिश्रण उलट लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, झालं. म्हणजे 'ऑइल कमी घातलंत' म्हणून घाबरवून जास्त घालायला लावायचं, आणि नंतर 'जेटिंग तुम्ही बिघडवलंत' म्हणायलाही तो मोकळा.

मी इंजिन परत पाठवलं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात बोअरिंगचं काम करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेलं. बोलणं कमी, मोजणं जास्त, असा माणूस. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही, फक्त क्रँककेसच्या स्क्रूंकडे पाहिलं आणि बिल मागितलं. बिलात रॉड किट आणि दोन्ही सील. काका म्हणाले, 'रॉड किट टाकायला केस फोडायला लागती, भावा. हे स्क्रू बघ.' स्क्रूंच्या खाचांत जुना वाळलेला काळा चिखल दाबून बसलेला, त्यावरून नुसता पांढरा स्प्रे मारलेला. सुईने कोरला तर पापुद्रा निघाला, खाली जुनं ग्रीस. पेचकस लागला असता तर तो चिखल तिथे राहिलाच नसता. केस उघडलेलीच नव्हती. रॉड किटचे पैसे घेतले, मजुरी घेतली, आणि हात लावला तो स्प्रेच्या नळीने.

मग मॅग्नेट काढला. त्यामागचं क्रँकचं सील जुनंच, कडक झालेलं, ओठाला चीर. रेस खाली न येण्याचं कारण हेच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे ओढलं जातं. त्या बाजूचं सील गळकं झालं की हवा तिथूनही आत शिरते, कार्ब्युरेटरला त्याचा पत्ताच नसतो. मिश्रण लीन, इंजिन जास्त तापतं, पिस्टन फुगतो आणि धरतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर मात्र गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि धूर वाढतो. काकांनी एक्झॉस्ट आणि कार्बची तोंडं रबराने बंद करून हातपंपाने सहाएक पीएसआय दाबाची हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. मॅग्नेटच्या बाजूने बुडबुडे उठले आणि दाबाचा काटा बघता बघता खाली आला. घट्ट इंजिनमध्ये तो काही मिनिटं तरी जागेवर थांबायला हवा. ही चाचणी करायला फार काही लागत नाही, आणि ट्यूनर म्हणवणाऱ्याकडे हे साधन नसेल तर तो कशावर ट्यून करतो हा प्रश्नच आहे.

ब्लॉक काढल्यावर खरा प्रकार समोर आला. माझा ब्लॉक पाठवताना ०.२५ ओव्हरसाइजवर होता, म्हणजे ५०.२५. बिलात ०.५०. आरएक्सला पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी एक मिलिमीटरपर्यंत पिस्टन मिळतात, म्हणजे माझ्या ब्लॉकचं बरंच आयुष्य शिल्लक होतं. काकांनी डायल बोअर गेज (बोअरचा व्यास मोजायचं साधन) घातला आणि काटा बघून परत घातला. ५१ च्या वर. शेवटची ओव्हरसाइज, तीही झिजलेली. पिस्टन मायक्रोमीटरवर धरला, पिनच्या आडव्या दिशेला, स्कर्टच्या (पिस्टनच्या बाजूच्या भिंतीच्या) खालच्या बाजूला, कारण पिस्टन वर निमुळता असतो आणि तिथे मोजलं तर फसायला होतं. बोअर आणि पिस्टनमधला गॅप जेवढा हवा त्याच्या दुपटीहून जास्त. खडखड त्याचीच होती. पिस्टनच्या डोक्यावर साइज छापलेली असते, ती जागा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली. एक्झॉस्टच्या बाजूला आताच्या सीजचे उभे ओरखडे, आणि त्यांच्याखाली जुन्या ओरखड्यांवर एमरी फिरवल्याच्या आडव्या रेघा. हा पिस्टन आधी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत एकदा धरलेला होता.

ब्लॉक माझाच आहे, फक्त बोअर जास्त मारलंय, असं तो म्हणू शकला असता. पण माझ्या ब्लॉकची उजवीकडची वरून तिसरी फिन कोपऱ्यात तुटलेली होती, जुन्या पडण्याची खूण. काळा पेंट थिनरने पुसला. तिसरी फिन अख्खी. बाकीच्याही अख्ख्या. तुटलेलं ॲल्युमिनियम पेंटने उगवत नाही. पाठवण्याआधी इंजिनचा फोटो काढलेला होता, त्यात ती फिन स्पष्ट दिसते, आणि आज तक्रारीत सगळ्यात वजनदार कागद तोच आहे. कार्ब्युरेटरचंही तेच. मूळ मिकुनी कंपनीचा गेला आणि आला त्याच्यासारखा दिसणारा डुप्लिकेट. त्याची स्लाइड (हवेची वाट उघडबंद करणारा सरकता भाग) बोटाने हलवली तर खुळखुळते. पेट्रोलच्या मेन जेटवर मापाचा आकडा आहे, पण त्यावर विश्वास कुणी ठेवायचा?

पोर्टिंगबद्दल थोडं सांगायला हवं, कारण 'रेस पोर्टिंग' या दोन शब्दांवर सगळ्यात जास्त पैसे उकळले जातात. एक्झॉस्ट पोर्टचं वरचं तोंड घासून उंच केलं की ते लवकर उघडतं. वरच्या रेसला फायदा होतो, खालची ओढ जाते. मातीवर वळणातून उठायला मधली ओढ लागते, म्हणजे सरसकट उंच केलेला पोर्ट आपल्या कामाचाच नाही. आणि घासलेला धातू परत भरता येत नाही. मला आलेल्या ब्लॉकचा पोर्ट कुणीतरी ग्राइंडरने वाकडातिकडा उंच केलेला, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा वर, आणि कडा धारदार सोडलेल्या. कड मोडून गोल केली नाही तर रिंग त्यात अडकते. चांगला ट्यूनर घासण्याआधी पोर्टची उंची मोजून लिहून देतो, घासल्यानंतरची पण. असे लोक आपल्याकडे आहेत, हेही सांगितलं पाहिजे. ते आवाज ऐकवत नाहीत, कागद दाखवतात.

आता इंजिन कुणाला देताना मी काय करतो ते लिहितो. ब्लॉक आणि हेडवरची ओतीव अक्षरं, कार्बवरचा शिक्का, क्रँककेसचे स्क्रू, सगळ्याचे जवळून फोटो. ब्लॉकच्या फिनखाली, हेडला आणि कार्बच्या बॉडीला सेंटर पंचाचं एक टिंब. जागा मी कुणाला सांगत नाही, इथेही नाही. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत परत पाहिजे, तुटलेला असला तरी, हे आधी मेसेजवर लिहून घेतो. 'भंगार काय करायचंय सर?' असं विचारणाऱ्याकडे इंजिन सोडत नाही. परत आल्यावर पैसे देण्याआधी प्लग काढून बारक्या कॅमेऱ्याने पिस्टनचं डोकं बघतो: साइजचा आकडा आहे का, बाण एक्झॉस्टकडे आहे का. सायलेन्सर उतरवून पोर्टमधून पिस्टनचा स्कर्ट आणि रिंग दिसतात. हेड घासलं असेल तर प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पार कडेपर्यंत घालून इंजिन हाताने फिरवतो आणि चेपलेली तार व्हर्नियरने मोजतो. स्क्विश, म्हणजे कडेला पिस्टन आणि हेडमधली फट, किती ठेवलाय ते तिथेच कळतं, आणि ट्यूनरने सांगितलेला आकडा जुळतो की नाही तेही.

ज्यांचं आधीच झालंय त्यांच्यासाठी. 'फुकट करून देतो' म्हणाला तरी इंजिन परत पाठवू नका. तोच तुमचा पुरावा, आणि तो गेला की पुन्हा पॉलिश होऊन येणार. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये उघडताना पहिल्या स्क्रूपासून व्हिडिओ करा, मापं त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घ्या. पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंद, वहीच्या पानाचा फोटो, चॅट, सगळं चालतं. छापील बिल नाही म्हणून गप्प बसू नका. आधी लेखी नोटीस, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

माझी नोटीस गेल्यावर एसटी पार्सलने एक खोकं आलं. आत ऑटोल्यूबचा पंप, जो म्हणे भंगारात गेला होता, आणि एक ब्लॉक. उजवीकडची तिसरी फिन कोपऱ्यात तुटलेली होती खरी, पण कापल्याची कड ताजी, चकचकीत, ग्राइंडरची. माझी तुटलेली कड जुनी आणि काळवंडलेली होती. तो ब्लॉकही आता काकांच्या मापांसह तक्रारीला जोडला आहे.