आठ महिने एकाच इटालियनमध्ये

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे ठराव पास झाला: महिन्यातून दोनदा बाहेर जेवायचं, पण थाळी नको आणि पनीर बटर मसाला तर मुळीच नको. ठराव लेकीचा, वय वर्षं चौदा. माझ्या आईने त्याला उपसूचना जोडली की जिथे गाणी मोठ्याने लावतात तिथे मी पाऊल ठेवणार नाही. या दोघींच्या कचाट्यातून जे हाती लागलं ते पुण्यात औंधमधलं एक लहानसं इटालियन हॉटेल. जून संपेपर्यंत आम्ही तिथे सोळा-सतरा वेळा जेवलो. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

त्याआधी तीन ठिकाणी पैसे घालवून झाले होते. कोरेगाव पार्कातलं पहिलं दिसायला देखणं, पण शेवटचा घास तोंडात असतानाच बिलाचं पाकीट टेबलावर आलं. दाराशी लोक ताटकळत होते, मान्य. पण मग निवांत जेवण कसलं? दुसऱ्या ठिकाणच्या लसणाबद्दल खाली लिहिलंय. तिसऱ्याचा मेनू चौदा पानी, त्यात मांचुरियनसुद्धा. पास्ता आणि मांचुरियन एकाच मेनूत नांदत असतील तर आत दोघांच्या वाट्याला बहुतेक एकच कढई येते. तिथे परत गेलो नाही.

आता माझी पद्धत ठरून गेलीय. नव्या ठिकाणी पहिल्यांदा फक्त दोन गोष्टी मागवायच्या: मार्गरिटा पिझ्झा आणि स्पगेटी आल्यो ए ओल्यो. वेटर जरा हिरमुसतो, स्मोक्ड चिकनवालं काहीतरी सुचवून बघतो. आपण हलायचं नाही. आल्यो ए ओल्यो म्हणजे तेल, लसूण, सुकी मिरची आणि वरून पार्स्ली, बस्स. लपायला जागाच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ही लसणाची फोडणी, आणि फोडणी करपली की पुढचं सगळं गेलं. दुसऱ्या ठिकाणी तेच झालं होतं, लसूण तपकिरी आणि कडू. औंधात पहिल्या दिवशी आला तो फिकट सोनेरी, काप पातळ, आणि तेल ताटलीच्या तळाशी साचलेलं नव्हतं. याचं कारण पास्ता उकडलेलं पाणी. त्या पाण्यात स्टार्च उतरलेला असतो. दोन डाव तेलात घालून जोरात हलवलं की तेल-पाणी मिळून येतं आणि पास्त्याला चिकटतं. भाताची पेजच ही, फक्त इटलीची. ज्या स्वयंपाकघरात हे पाणी ओतून देतात तिथे पास्ता तेलात पोहतो.

आईचं मत मात्र वेगळं पडलं. "शेवया जरा कच्च्या राहिल्यात." मी समजावलं, याला आल डेंटे म्हणतात, दाताखाली किंचित कणी राहायलाच हवी. आई म्हणाली, "भाताला कणी राहिली की तुझे बाबा ताट सरकवायचे, तेव्हा तू कुठे होतास?"

यावर उत्तर नव्हतं. दुसऱ्या खेपेला आईची स्पगेटी दोन मिनिटं जास्त शिजवून द्या म्हणालो. वेटरने तोंड वाकडं केलं नाही, व्याख्यान दिलं नाही, नीट शिजवून आणली. माझ्यासाठी ते ठिकाण त्या दिवशी पक्कं झालं. लेकीला पिंक सॉस लागतो. ही टोमॅटो आणि क्रीमची जोडी आपल्याकडच्या कॅफेंनी घरोघरी पोचवली. पांढऱ्या सॉसचंही, म्हणजे आल्फ्रेदोचंही, तसंच. रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलिओने नावारूपाला आणलेल्या आल्फ्रेदोत लोणी आणि पार्मेझान चीज एवढंच होतं, क्रीम नाही. लेकीला हे दोनदा सांगून पाहिलं. आता टेबलावर विषय काढायला मनाई आहे.

पिझ्झाबद्दल खरं सांगायचं तर मेनूत 'नेपोलिटन' लिहिलंय ते जरा जास्तच झालं. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेली अस्सल नेपोलिटन पिझ्झाची संघटना आहे, तिच्या मूळ नियमाने लाकडाच्या भट्टीत सव्वाचारशे डिग्रीच्या वरच्या आचेवर ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा तयार व्हायला हवा. इथे गॅसचा ओव्हन आहे आणि त्याला चार मिनिटं लागतात, हे मी घड्याळ लावून पाहिलं (बायकोने तेवढा वेळ माझ्याकडे पाहायचं टाळलं). तरी चव चांगली. तुकडा उचलून उलटा करून बघा: भाकरीला पडतात तसे काळे ठिपके सगळीकडे सारखे हवेत. मधेच पांढुरकं, ओलसर राहिलं असेल तर ओव्हन तापायच्या आधीच पिझ्झा आत गेलाय. हा पिझ्झा दहा मिनिटांत वातड होतो, म्हणून आम्ही एका वेळी एकच मागवतो. तो संपत आला की दुसरा सांगायचा, तव्यावरून ताटात भाकरी येते तसा. घरी मागवायच्या भानगडीत पडू नका. एकदा मागवला, खोक्याच्या वाफेने पार लिबलिबीत झाला होता.

शाकाहारी मंडळींनी पुढचं नीट वाचावं. अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये, म्हणजे मूळ इटालियन पार्मेझानमध्ये, वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) असतंच, तो त्या चीजचा नियमच आहे. आईला हे कळल्यावर तिने काटा खाली ठेवला. मॅनेजरला विचारलं तर ठरलेलं उत्तर आलं, "प्युअर व्हेज आहे सर." मी म्हणालो, पाकीट दाखवा. पाच मिनिटांनी आतून खरंच पाकीट आलं. भारतात बनवलेलं चीज, हिरवा ठिपका, आणि बारीक अक्षरांत मायक्रोबियल रेनेट, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून काढलेलं. आईने चष्मा लावून स्वतः वाचलं आणि मग काटा उचलला. म्हणजे उत्तर बरोबर होतं, पण पाकीट पाहिल्याशिवाय मानू नका. तिरामिसू या कॉफीच्या गोड पदार्थाचंही विचारा. मूळ कृतीत कच्चं अंडं असतं. इथे बिनअंड्याचं मिळतं, पण कॉफी इतकी कमी की श्रीखंडात बिस्किट बुडवल्यासारखं वाटतं. गोड घरी येऊन खातो.

पैशांचं म्हणाल तर चौघांचं जेवण सव्वीसशे ते तीन हजारांत होतं, त्यावर पाच टक्के जीएसटी. फेब्रुवारीत बिलावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज गुपचूप उगवला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो परस्पर लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मॅनेजरला शांतपणे काढा म्हणालो. काढला, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. त्या दिवशी वेटरच्या हातात टिप रोख ठेवली, आणि तेव्हापासून तसंच करतो.

एप्रिलपासून मात्र आतला माणूस बदललाय, हे कुणी न सांगता कळलं. टोमॅटो सॉस गोड लागायला लागला, आंबटपणा मारायला साखर पडते आहे हे उघड आहे. एकदा सांगितलं, पुढच्या वेळी बरा होता, त्यानंतर पुन्हा गोड. कोपऱ्यातलं टेबल डुगडुगतं, त्याच्या पायाखाली घडी केलेला जुना मेनू आहे. शनिवार-रविवारी जाऊच नका. त्या दिवशी तिथे इतका गलका असतो की आईची उपसूचना लागू होते. आम्ही बुधवारी सातला जातो. त्या वेळी चार-पाच टेबलं भरलेली असतात, आणि नऊपर्यंत बसलं तरी बिलाचं पाकीट मागितल्याशिवाय येत नाही.

गेल्या बुधवारी बाहेर पाऊस कोसळत होता. आईने वेटरला जवळ बोलावून विचारलं, लसूण कुठला वापरता, गावठी की तो मोठ्या पाकळ्यांचा? त्याला प्रश्न नीट कळला नसावा, पण तो आत गेला आणि बशीत दोन पाकळ्या घेऊन आला. चांगल्या अंगठ्याएवढ्या. आईने एक सोलून नाकाशी धरली आणि बशी परत त्याच्याकडे सरकवली.

"पुढच्या बुधवारी मी आणते," म्हणाली.