पाच बोटांचे लोकरी मोजे: कळसूबाई ते तोरणा

पावसाळी भटकंतीनंतर बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या आणि करंगळीवर हमखास येणारा फोड या दोन तक्रारींना कंटाळून मी गेल्या वर्षीच्या जूनमध्ये प्रत्येक बोटासाठी स्वतंत्र कप्पा असलेले, मेरिनो लोकर आणि नायलॉन यांच्या मिश्रणाचे मोजे ७५० रुपयांना घेतले. भर पावसातली कळसूबाईची चढाई, हिवाळ्यातली राजगड ते तोरणा ही दिवसभराची चाल आणि मधल्या काळातील सिंहगडाच्या फेऱ्या, एवढ्या वापरानंतरचे हे मत आहे.

फोड निव्वळ बूट घासल्याने येतो असा समज आहे. प्रत्यक्षात पाऊल पडताना आतले हाड पुढे सरकते, वरची त्वचा मात्र मोज्याला चिकटून मागे राहते आणि ही ओढाताण हजारो पावलांत होत राहिली की त्वचेचे थर सुटून मधल्या पोकळीत पाणी साठते. दमट त्वचा कोरडीपेक्षा अधिक चिकटत असल्याने पाणी धरून ठेवणारा सुती मोजा डोंगरात वैरी ठरतो. लोकर मात्र आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही. बोटांमध्ये कापड आल्यामुळे कातडीवर कातडी घासत नाही, हा या मोज्यांचा खरा गुण आहे.

१,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईला बारी गावातून निघालो, तेव्हा भातखाचरांच्या बांधांवरच बुटांत पाणी शिरले. अशा पावसात कोणताही मोजा पाय कोरडा ठेवू शकत नाही, त्यामुळे वेष्टनावरील ‘पाय कोरडे राहतील’ हे आश्वासन मनावर न घेतलेले बरे. तरीही भिजलेली लोकर गारठली नाही आणि लोखंडी शिड्यांवर सारा भार चवड्यांवर आला असतानाही बोटे एकमेकांवर चढली नाहीत. परतल्यावर तळवे पांढरे पडून सुरकुतले होते, परंतु फोड एकही नव्हता. पुढील आठवड्यात चिखल्याही झाल्या नाहीत. अर्थात याचे निम्मे श्रेय बारीत पोहोचताच बेचके पुसून चढवलेल्या कोरड्या जोडीला द्यावे लागेल.

राजगड–तोरण्याने मोज्यांच्या मर्यादा दाखवल्या. गुंजवण्याहून पहाटे निघताना, विजेरीच्या उजेडात एकेक बोट आपापल्या कप्प्यात बसवायला चांगली पाच मिनिटे गेली आणि सोबत्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेवर उजव्या टाचेला चटका बसल्यासारखे वाटू लागले. तेथेच थांबून चिकटपट्टी लावायला हवी होती, परंतु नव्या मोज्यांवरील विश्वासापोटी मी चालत राहिलो आणि तोरण्यावर पोहोचेपर्यंत रुपयाएवढा फोड आला. टाचेपाशी हा मोजा इतर मोज्यांसारखाच आहे, हे तेव्हा उमगले. आता घरूनच कोरड्या टाचेवर पट्टी लावून निघतो, कारण घामेजलेल्या त्वचेवर ती टिकत नाही.

दुसरी अडचण बुटांची. बोटांमधल्या कापडामुळे चवडा किंचित रुंदावतो, म्हणून एरवी नीट बसणारे माझे बूट वेल्ह्याच्या लांबलचक उतारावर पुढून घट्ट झाले आणि अंगठ्याचे नख काळेनिळे पडले. नखे दोन दिवस आधी सरळ रेषेत कापणे आणि उतारापूर्वी घोट्याजवळची नाडी आवळून पाऊल पुढे घसरू न देणे हे उपाय आहेतच. तरीही हे मोजे वापरायचे असतील तर ते पायात घालूनच, शक्यतो संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, बूट पारखून घ्यावेत.

धुलाईचा व्याप मोठा आहे. उलटे करून थंड पाण्यात धुवावे लागतात आणि पुण्याच्या पावसात ते वाळायला दोन दिवस लागतात. आठ महिन्यांत डाव्या अंगठ्याच्या टोकाला भोक पडले, ही या किमतीला खटकणारी गोष्ट आहे. ज्यांची बोटे जवळजवळ आहेत व ज्यांना बेचक्यांत फोड येतात, त्यांनी ते जरूर घ्यावेत. ज्यांचा त्रास केवळ टाचेचा आहे, त्यांना साधे लोकरी मोजे आणि चिकटपट्टीचे एक रीळ पुरेल. मी भोक रफू करून घेतले आहे आणि येत्या पावसाळ्यासाठी दुसरी जोडी आणली आहे, यावेळी अर्धा नंबर मोठ्या बुटांसह.