स्कोमेट परवान्यासाठी घेतलेली सल्लासेवा : सांगलीतील अनुभव

कुपवाड एमआयडीसीतील आमच्या कारखान्याला निकेल मिश्रधातूच्या व्हॉल्व्हची पहिली परदेशी ऑर्डर मिळाली, तेव्हा सांगलीतील एका निर्यात सल्लागारांची सेवा घेतली. ४० टक्क्यांहून अधिक निकेल असलेले व्हॉल्व्ह रासायनिक कारखान्यांत लागतात, तसेच रासायनिक अस्त्रे बनवण्यासाठीही वापरता येतात, म्हणून त्यांवर ऑस्ट्रेलिया गटाचे, म्हणजे रासायनिक व जैविक अस्त्रांचा प्रसार रोखू पाहणाऱ्या देशांच्या गटाचे, नियंत्रण आहे. २०१८ मध्ये भारत या गटाचा सदस्य झाला. आपल्याकडे नागरी तसेच लष्करी उपयोग होऊ शकणाऱ्या वस्तूंची स्कोमेट नावाची सरकारी यादी आहे; तीतील असे व्हॉल्व्ह विदेश व्यापार महासंचालनालयाच्या परवान्याशिवाय बाहेर पाठवता येत नाहीत.

सल्लागारांनी धातूचा चाचणी अहवाल समोर घेतला, निकेलच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि यादीतील नोंद शब्दन् शब्द ताडून पाहिली. हे काम त्यांनी चोख केले. मात्र अंतिम वापराच्या प्रमाणपत्रावरील खरेदीदाराचा पत्ता ऑर्डरवरील पत्त्याशी जुळत नव्हता, हे त्यांच्या कार्यालयाच्या नजरेतून सुटले आणि अर्ज त्रुटीत अडकून आमचे तीन आठवडे वाया गेले. शुल्क वाजवी होते.

देशाच्या सुरक्षेसाठी ही छाननी हवीच, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तरीही अनेक मंत्रालयांच्या समितीपुढे अर्ज असताना लहान उद्योजकाचे भांडवल तयार मालात अडकून पडते. म्हणून संशयास्पद खरेदीदारांची तपासणी अधिक कडक आणि पारखलेल्या ग्राहकांसाठी मुदतबद्ध निर्णय, अशी सुधारणा मला निकडीची वाटते. त्याच खरेदीदाराच्या पुनर्मागणीसाठी नियमांत सोपी वाट आहे, ती सल्लागारांनीच दाखवली. पुढील अर्जही त्यांच्याकडेच देणार आहे, पत्ते मात्र मी स्वतः तपासेन.