सोलर बसवलं आणि बिल वाढलं

आमचं सांगलीतलं घर, महिन्याला पावणेतीन हजारांच्या आसपास बिल. मार्चमध्ये एक मुलगा फाईल घेऊन दारात आला. फाईलवर पीएम सूर्यघर योजनेचं चित्र. "काका, 3 किलोवॅटचे 1 लाख 95 हजार होतात, पण 78 हजारांची सबसिडी आम्ही परस्पर वजा करतो. तुम्ही फक्त 1 लाख 17 हजार द्या." 78 हजार हा आकडा खरा आहे, म्हणूनच मी फसलो. ती सबसिडी ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते आणि तीही नेट मीटर, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर, बसून प्लँट रीतसर चालू झाल्यावर, हे मला नंतर कळलं.

बायको म्हणत होती, आधी मीटर बसू दे, मग पैसे दे. ऐकलं नाही. पावती मागितली तर साध्या कागदावर सही करून दिली आणि मी ती घेतली!

दोन दिवसांत सहा पॅनल चढले. "मीटर पंधरा दिवसांत येईल, तोवर चालू ठेवा, ऊन कशाला वाया घालवता?" पुढचं बिल आलं साडेतीन हजारांच्या वर. मला वाटलं रीडिंग चुकलं. भाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, त्याने उलगडा केला. दिवसा आमच्याकडे फ्रीज आणि एखादा पंखा, उरलेली वीज मीटरमधून बाहेर जात होती. आमच्या जुन्या मीटरला आतली-बाहेरची दिशा कळत नाही. बाहेर गेलेलं युनिटही त्याने आम्हीच वापरलं म्हणून मोजलं.

मग भाचा पॅनलखाली आडवा झाला आणि मोबाईलने मागच्या लेबलचे फोटो काढले. कोटेशनमध्ये 540 वॅट, लेबलवर 335. एका लेबलवरचा सिरीयल नंबर खरवडलेला. म्हणजे 3 किलोवॅट कुठले, जेमतेम 2! अर्थिंगची तार कुंडीतल्या मातीत खोचलेली.

महावितरणच्या ऑफिसात ग्राहक क्रमांक दिला. आमच्या नावाने सोलरचा अर्जच नव्हता. जी सबसिडी तो वजा करत होता, ती मुळात कुणी मागितलीच नव्हती. सबसिडीसाठी पॅनलही भारतीय सेलचेच लागतात, ज्याला डीसीआर म्हणतात. आमच्या लेबलवर तसं काही नाही.

बसवणार असाल तर योजनेच्या पोर्टलवर अर्ज स्वतःच्या मोबाईल नंबरने करा आणि व्हेंडरचं नाव तिथल्याच यादीत शोधा. पॅनल वर चढण्याआधी, जमिनीवर असतानाच, प्रत्येकाच्या पाठीमागचा फोटो घ्या. एकदा वर गेले की कोण वाकून बघतं? शेवटचा मोठा हप्ता नेट मीटर लागल्यावरच द्या.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. त्या मुलाने फोन एकदाच उचलला. "काका, इन्व्हर्टरचं बटण बंद करून ठेवा, बिल पहिल्यासारखं येईल." तेवढं मात्र त्याने खरं सांगितलं.