सुपरमार्केटच्या चिलरसाठी गॅस लीक डिटेक्टर घेतला, कसा आहे ते सांगतो

सांगलीत आमचं छोटं सुपरमार्केट आहे. दूध-दह्याचा उघडा मल्टिडेक चिलर, मागे एक कोल्ड रूम, दोन्हीची कंडेन्सिंग युनिटं (कॉम्प्रेसरसकट बाहेरचा भाग) गच्चीवर आणि मधे भिंतीभिंतीने गेलेला तांब्याचा पाइप, ज्याची लांबी न विचारलेलीच बरी. आत फिरणारा, थंड करणारा गॅस आर-४०४ए. अशी रिमोट सिस्टीम ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठीच लिहितोय, घरच्या फ्रीजवाल्यांना यात काही मिळणार नाही.

डिटेक्टर हातात धरायचा आहे, हीटेड डायोड सेन्सरवाला. ब्रँड कुठला म्हणून सगळे विचारणार, पण खरं सांगू का, इथे ब्रँडपेक्षा आत सेन्सर कुठला आहे ते बघा. कोरोना डिस्चार्जवाले सगळ्यात स्वस्त (नाव तसंच आहे, काय करणार), पण ओलावा, धूळ, फरशी पुसायच्या लिक्विडचा वास, कशावरही बोंबलतात आणि मग आपण त्यांच्यावर विश्वास ठेवायचं सोडून देतो. इन्फ्रारेड टिकायला चांगले पण महाग. हीटेड डायोड मधला. गरम सेन्सरवर गॅसचा रेणू फुटतो, त्यातल्या फ्लोरीनमुळे करंट बदलतो, की टीं टीं सुरू. वर्षाला तीनेक ग्रॅम एवढी बारीक गळतीसुद्धा पकडतो असं डब्यावर छापलंय, ते मी काही मोजायला गेलो नाही, पण आम्हाला हव्या होत्या त्या गळत्या पकडल्या.

आता मुळात घेतला का. आमचा एएमसीवाला, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट दिलेला मेकॅनिक (नाव नको) यायचा, गेज लावायचा, "गॅस कमी झालाय साहेब" म्हणायचा, टॉप-अप करायचा आणि किलोच्या भावाने बिल द्यायचा. गळतंय कुठून हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही, आणि पडेल कशाला, गॅस एएमसीमध्ये धरलेलाच नाही ना! मग वर्षाची बिलं काढून बेरीज केली. दोन्ही सिस्टीममध्ये मिळून गॅस मावतो १४ किलो आणि वर्षात टाकला ६ किलो, म्हणजे जवळजवळ ४३ टक्के गळती. अमेरिकेत ईपीएचा (तिथलं पर्यावरण खातं) ग्रीनचिल म्हणून सुपरमार्केटसाठीच कार्यक्रम आहे, २००७ पासूनचा, त्यांचा अंदाज तिथल्या साधारण सुपरमार्केटमधून वर्षाला २५ टक्के गॅस गळतो असा. म्हणजे या बाबतीत आपण अमेरिकेला मागे टाकलं. शिवाय आर-४०४एचा जीडब्ल्यूपी (हवा तापवायची ताकद) ३९२२, म्हणजे हवेत गेलेला १ किलो हा ३९२२ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. आमचे ६ किलो म्हणजे साडेतेवीस टन झाले, आणि इकडे आम्ही गिऱ्हाइकाला कापडी पिशवी आणायला सांगतोय.

सगळ्यात वाईट म्हणजे हे लवकर कळतच नाही. सिस्टीमला रिसीव्हर म्हणजे एक टाकी असते, त्यात जादा गॅस साठलेला असतो, तो संपेपर्यंत कूलिंग अगदी व्यवस्थित चालू राहतं. साईट ग्लासमध्ये (पाइपवरची छोटी काचेची खिडकी) बुडबुडे दिसायला लागतात तोपर्यंत बराच गॅस गेलेला असतो, मग कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, लाइटबिल वाढतं आणि शेवटी दही आंबट झालं म्हणून गिऱ्हाईक परत आणून देतं.

वापरायची पद्धत नीट पाळली तरच उपयोग आहे. आधी टॉर्च घेऊन तेलाचे डाग शोधा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळं होतं, निम्मं काम तिथेच होतं. मग डिटेक्टरचं टोक जॉइंटच्या खालच्या बाजूने फिरवायचं, गॅस हवेपेक्षा जड असतो. सेकंदाला इंचभर, त्याहून घाई नको. चिलरचे फॅन बंद करा. गच्चीवर वारा असेल तर सरळ खाली या, काही सापडत नाही. टीं टीं झालं तरी नक्की कुठल्या जॉइंटला ते साबणाच्या पाण्याच्या फेसानेच कळतं, त्यामुळे स्प्रेची बाटली सोबत हवीच.

आमच्याकडे काय सापडलं? पिन व्हॉल्व्हच्या (गेज जोडायच्या तोंडाच्या) टोप्या! मेकॅनिक गेज काढतो, टोपी खिशात घालतो आणि जातो, मग आतल्या पिनमधून गॅस हळूहळू जात राहतो. गेज लावला की थोडा गॅस जातोच आणि वर ही गळती, म्हणजे गॅस तपासायच्या नावाखाली गॅस घालवायचा. पितळेच्या टोप्या आतल्या रबर रिंगसकट बसवल्या, खर्च किरकोळ. दुसरं, चिलरच्या एक्सपान्शन व्हॉल्व्हचा फ्लेअर नट, डिफ्रॉस्टमध्ये गार-गरम होऊन ढिला झालेला. तिसरं जरा मोठं होतं, गच्चीवर पाइप क्लॅम्पवर घासून घासून झिजलेला, कारण क्लॅम्पमध्ये रबरच नव्हतं. तिथे गॅस काढून घेऊन ब्रेझिंग (पाइपला गरम करून डाग देणं) करावं लागलं. हे काम करून घेताना जवळ उभे राहा. ब्रेझिंगच्या वेळी पाइपातून नायट्रोजन चालू पाहिजे नाहीतर आत काळी खपली धरते, नंतर नायट्रोजनचं प्रेशर मारून रात्रभर ठेवायचं, मग व्हॅक्युम, मग गॅस. प्रेशरसाठी कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायला निघाला तर तिथेच थांबवा, तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

तक्रारी आहेतच. सेन्सर झिजतो, म्हणजे खर्चाचा आयटम आहे, एकदम खूप गॅस लागला तर काही वेळ बधिर होतो, आणि सोबतची मॅन्युअल तर कोणी वाचू नये म्हणूनच लिहिलेली वाटते. मुख्य म्हणजे आर-२९०च्या डीप फ्रीझरवर हा चालत नाही. तो प्रोपेन, त्यात फ्लोरीन-क्लोरीन काही नाही, आणि पेटणाऱ्या गॅसजवळ गरम सेन्सर न्यायचाच नाही. त्याला ज्वलनशील गॅसचा वेगळा डिटेक्टर लागतो. तुमच्याकडे नुसते प्लग-इन फ्रीझर असतील तर हा घेऊ नका.

किगाली करारानुसार (असे गॅस कमी करायचा आंतरराष्ट्रीय करार) भारतात आर-४०४एसारख्या एचएफसी गॅसवर २०२८ पासून मर्यादा येणार आणि २०३२ पासून कपात, त्यामुळे गॅस स्वस्त होईल म्हणून कोणी थांबला असेल तर माझ्या मते उगाच थांबलाय.

५ पैकी ४ स्टार. एक सेन्सरसाठी कापला. घेताना डब्यात टेस्ट लीकची बाटली (डिटेक्टर चालतोय का ते बघायची) आहे ना आणि सुटा सेन्सर वेगळा मिळतो ना, हे दुकानदाराला आधी विचारा, नुसतं "मिळेल की" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.