खांदा आखडलेला नव्हताच

माझी लेक चौदा वर्षांची, बटरफ्लाय पोहते. दिवाळीनंतर तिचा उजवा खांदा दुखायला लागला. "आई, हात पुढे टाकला की आत काहीतरी सरकतं," असं ती सारखी म्हणायची. त्या "सरकतं"कडे मी लक्ष दिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

राज्य स्पर्धा दीड महिन्यावर आली होती. क्लबमधल्या एका पालकांनी एका 'स्पोर्ट्स रिहॅब' केंद्राचा नंबर दिला. तिथल्या माणसाने टी-शर्टवरूनच दोनदा हात वर करायला लावला आणि पाच मिनिटांत सांगितलं, "खांदा आखडलाय. मोकळा केला की तीन आठवड्यांत पाण्यात." २४ सेशनचे ४८,००० रुपये, आजच भरले तर ४३,२००. मी तिथेच बसून भरले.

सेशन म्हणजे पंधरा मिनिटं आयएफटीचे, म्हणजे वेदना दाबायला हलका विद्युतप्रवाह देणारे पॅड आणि मग ताणणं. तो तिच्या मागे उभा राहून दोन्ही कोपरं पाठीमागे एकमेकांना टेकेपर्यंत ओढायचा. लेक टॉवेल दातात धरून बसायची. दुखलं तरच मोकळं होतं, असं तो सांगायचा. पॅडने दोन-चार तास वेदना दबायची, सरावही निम्म्यावर आणला होता, त्यामुळे फरक पडतोय असंच मला वाटत राहिलं. नवव्या सेशननंतर तिच्या करंगळीपर्यंत मुंग्या यायला लागल्या. रात्री त्या कुशीवर झोपता येईना.

मग खांद्याच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी तिचा अंगठा मनगटाकडे वाकवून पाहिला, तो सहज टेकला. कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे जात होतं. मग त्यांनी हात हलकेच खाली ओढला, तर खांद्याच्या टोकाखाली चक्क खळगा पडला. म्हणाले, "हिचा सांधा आखडलेला नाही, जास्तच सैल आहे. असा खांदा ताणायचा नसतो."

खांद्याची खोबण मुळातच उथळ असते. त्यातला दंडाच्या हाडाचा गोळा अस्थिबंध आणि भोवतालचे चार लहान स्नायू धरून ठेवतात. हजारो हात मारून हे स्नायू थकले की सैल सांध्यातला गोळा सरकतो, दुखतं. पुढची बाजू ताणत राहिलं तर तो आणखी मोकाट होतो. म्हणजे आम्ही पैसे मोजून दुखणं वाढवत होतो! यावर उपाय म्हणजे या स्नायूंना आणि खांद्याच्या फळीभोवतीच्या (पाठीवरच्या चपट्या हाडाभोवतीच्या) स्नायूंना बळ देणं, पोहण्याचं अंतर कमी करणं. त्याला आठवडे नाही, महिने लागतात. तीन आठवड्यांची हमी देणाऱ्याला कृपा करून आगाऊ पैसे देऊ नका.

उरलेल्या पंधरा सेशनचे पैसे मागितले, तर "पॅकेज नॉन-रिफंडेबल". महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे असते, म्हणून नोंदणी क्रमांक विचारला. त्यानंतर फोन उचलणंच बंद झालं. पावतीवर उपचार करणाऱ्याचं नावसुद्धा नाही. पैसे भरण्याआधी मी एवढं तरी पाहायला हवं होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा त्याचा "१०० टक्के रिझल्ट" हा मेसेज जपून ठेवलाय.

राज्य स्पर्धा हुकली. आता लेक कोपराखाली टॉवेलची घडी दाबून, दाराच्या कडीला बांधलेला रबर बँड रोज ओढते. पाण्यात हात अंगालगत ठेवून फक्त किक मारते. बोर्ड धरून हात डोक्यापुढे ताणले की खांद्यावर भार येतो, म्हणून तोही बंद आहे. मुंग्या थांबल्या आहेत. परवा ती पहिल्यांदा उजव्या कुशीवर झोपली.