जुना मीटर दुरुस्त करावा की डिजिटल बसवावा?

जुन्या मोटो गुझी किंवा डुकाटी मोटरसायकलच्या स्पीडोमीटरचा काटा थरथरतोय? आधी केबल बघा, दोष बऱ्याचदा तिथेच असतो. आतली तार रॉकेलने धुऊन ग्रीस लावा, पण मीटरकडचा 15 सेंटिमीटर भाग कोरडा ठेवा. नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढतं आणि काटा चिकटतो.

मेहनत दुरुस्तीतच जास्त. मीटर उघडायला काचेभोवतीचं दुमडलेलं कडं गोल फिरत, थोडं थोडं उचलावं लागतं. किलोमीटर पडतात पण काटा हलत नाही, तर चुंबक, ॲल्युमिनियमची वाटी आणि केसासारखी स्प्रिंग तपासा. स्प्रिंगला तेल कधीच नको! काटा ठीक पण आकडे थांबले, तर गिअर सरकलाय किंवा दात गेलेत. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात जुळणारा नाही मिळाला, तर करवून घ्यावा लागेल; खरा खर्च तिथे.

डिजिटलला चाकावर चुंबक, फोर्कवर सेन्सर आणि टायरचा परीघ मिलिमीटरमध्ये भरला की झालं. वीज मात्र बहुतेकांना 12 व्होल्ट लागते, आणि पावसाळ्यात जोड उघडे राहिले तर आकडे उड्या मारतात.

रोज कात्रज-हिंजवडी करणाऱ्याने डिजिटल लावावा, जुना मीटर जपून ठेवावा. गाडी मूळ रूपात हवी असेल, तर दुरुस्तीच.